पाणी आलं

कोलाडच्या वरच्या अंगाला नदीकाठानं एक वाट जाते. रोज सकाळी मी त्या वाटेनं जातो. पहाटे नदीतले दगड उघडे असतात आणि त्यांच्या मधल्या डबक्यांत बगळे उभे असतात. मग वरून येणारा आवाज जरा जड होतो, एकेक दगड बुडू लागतो, आणि काठावर धुणं घेऊन बसलेल्या बायका दोन दगड वर सरकतात. कुणीतरी म्हणतं, "पाणी आलं." मे महिन्यातही म्हणतं.

कुंडलिकेचं हे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. मुळशीला अडवलेलं मुळेचं पाणी मुळात पुण्याकडे, पूर्वेला जायचं. सह्याद्रीतून फिरवून ते पश्चिमेला कोकणात सोडलं, खाली चाकं बसवली आणि १९२७ पासून त्यावर वीज होऊ लागली. चाकं फिरवून झालेलं पाणी रोज नदीत येतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच्या वेळापत्रकावर चालतं, कालव्याखालची उन्हाळी भातशेती आणि खालचे कारखाने त्याच्यावर जगतात. आमच्या भागात उन्हाळा आहे म्हणून नदी आटली असं कुणी म्हणत नाही.

आज त्या वाटेवर चालताना डोक्यात काल रात्रीचा वाद होता. काल मी पेणजवळ खारेपाटात बहिणीकडे गेलो होतो. भाचा नोकरीसाठी नवी मुंबईला जातो. तिथे तासाच्या भाड्यानं स्नूकरचं टेबल मिळतं, आणि गेली दोन वर्षं हा खेळ त्याच्या अंगात भिनला आहे. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, हे बघ आणि मग सांग सगळ्यांत मोठा कोण ते."

शेफिल्ड, १९९७ ची जागतिक स्पर्धा. एकवीस वर्षांचा रॉनी ओ'सुलिव्हन टेबलाशी आहे. स्नूकरमध्ये पंधरा लाल चेंडू असतात. प्रत्येक लालचा एक गुण, आणि लाल पडला की एक रंगीत पाडायचा. रंगीतांमध्ये काळा सर्वांत मोलाचा, सात गुणांचा. प्रत्येक लालमागून काळाच पाडला आणि शेवटी पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहाही रंग क्रमानं घेतले, तर बेरीज होते १४७. एका पाळीत याहून जास्त सहसा होत नाहीत. ओ'सुलिव्हननं ते पाच मिनिटं आठ सेकंदांत केलं. अनेक वर्षं नोंद पाच मिनिटं वीस सेकंदांची होती, पुढे चित्रफितीवरून मोजल्यावर ती आणखी खाली आली. छत्तीस चेंडू, म्हणजे सरासरी साडेआठ सेकंदांना एक. आणि प्रत्येक वेळी पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी हवा तिथेच येऊन थांबतो. मी ते तीनदा पाहिलं. पोरगा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "स्टीव्ह डेव्हिस."

त्यानं कपाळावर हात मारला. त्याच्या पिढीला डेव्हिस म्हणजे चेहऱ्यावरची रेषा न हलवता खेळणारा एक जुना माणूस. पण मला डेव्हिसच्या सहा जगज्जेतेपदांपेक्षा त्यानं हरलेली एक रात्र जास्त महत्त्वाची वाटते. १९८५ ची अंतिम लढत. आठ-शून्य असा पुढे गेलेला डेव्हिस हळूहळू गाठला गेला. पस्तिसावी फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, त्यातला शेवटचा काळा चेंडू, मध्यरात्र उलटून गेलेली, ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं टीव्हीसमोर जागी. तो काळा डेनिस टेलरनं पाडला. संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या चेंडूवर. अशी हार माणसाला मोडून टाकते. पुढच्या वर्षी डेव्हिस पुन्हा अंतिम फेरीत होता आणि पुन्हा हरला. त्यानंतर १९८७, ८८, ८९ अशी तिन्ही वर्षं तो जिंकला. १९८३ पासून सलग सात वर्षं अंतिम फेरी त्याच्याशिवाय झाली नाही.

भाचा म्हणाला, "मामा, तू म्हणतोस ती चिकाटी. मी म्हणतो ती प्रतिभा."

इथे मला थांबून विचार करावा लागला. आपण सगळेच हे दोन शब्द असे समोरासमोर उभे करतो आणि चिकाटीला नकळत खालच्या पाटावर बसवतो. प्रतिभा देवानं दिलेली, सातत्य म्हणजे ज्याला ती मिळाली नाही त्यानं केलेली मजुरी. मला हे पटत नाही. खेळाडूचा उत्तम दिवस किती उंच जातो हे सगळे मोजतात. त्याचा वाईट दिवस किती खाली जातो, हे कुणी मोजत नाही. माझ्या मते सातत्य म्हणजे त्या तळाची उंची, आणि ती उचलायला वेगळी विद्या लागते.

स्नूकरमध्ये ती विद्या डोळ्यांना दिसते. या खेळात समोरचा टेबलाशी असेल तर तुम्ही खुर्चीत बसून असता. तासभर बसाल, पाण्याचा घोट घ्याल, पण चेंडूला हात लावता येत नाही. हात साथ देत नसेल त्या दिवशी मोठा खेळाडू अवघड लालच्या मागे लागत नाही. पांढरा चेंडू सावकाश वरच्या गादीला नेऊन टेकवतो, समोरच्याला लाल नीट दिसूच देत नाही, आणि परत जाऊन बसतो. याला सेफ्टी म्हणतात. पाहणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते, टाळ्या तर मुळीच पडत नाहीत. पण आज माझा दिवस नाही हे ओळखून, तरीही सामना हातातून न सोडण्याचं ते काम आहे.

हे मी स्नूकर पाहण्याच्या कितीतरी आधी बहिणीच्या सासरीच पाहिलं होतं. पेण आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे अशा गावांत गणपतीचे कारखाने आहेत, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी सगळ्यांना जमत नाही. एक केसभर रेघ चुकली की देव रागावलेला तरी दिसतो, नाहीतर भेदरलेला. बहिणीच्या घरामागच्या कारखान्यात आखणी करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सकाळी आले की ते आधी जुन्या पाटीवर चार रेघा ओढायचे. रेघ मनासारखी आली तर डोळ्यांना बसायचे. नाही आली तर त्या दिवशी डोळे नाहीत. मग सोंडेवरची नक्षी, बोटांची नखं, मुकुटाचे मणी, पितांबराचा काठ. दिवसाची मजुरी बुडायची नाही आणि एकाही मूर्तीचा चेहरा बिघडायचा नाही. कधी दुपारी हात सुधारला की पुन्हा डोळ्यांकडे यायचे.

त्यांच्याहून सुंदर डोळे काढणारा एक तरुण त्याच कारखान्यात होता. त्याची एखादी मूर्ती अशी उतरायची की शेठ ती दर्शनी फळीवर ठेवायचा आणि येणारा-जाणारा थबकायचा. पण रेघ येवो न येवो, तो रोज डोळ्यांनाच बसायचा. महिन्याभरानं कोपऱ्यात परत रंगवायच्या मूर्ती साठायच्या, त्यांतल्या बहुतेक त्याच्या. गणपती घरी नेणारं कुटुंब एकच मूर्ती नेतं. दर्शनी फळीवरची मूर्ती किती सुंदर होती, याच्याशी त्यांना काय करायचं? त्यांच्या मखरात जी बसते तीच त्यांच्यासाठी त्या वर्षीची मूर्ती.

कॅरम तर आपल्याकडे घरोघरचा. फोडणाऱ्यानं पहिल्याच पाळीत नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेतली, की तो व्हाइट स्लॅम. मंडळाच्या खोलीत ज्यानं कधी स्लॅम मारला त्याचं नाव पंचवीस वर्षांनीही निघतं. पण जोडीला कोणाला घ्यायचं असा प्रश्न आला की आम्ही भलत्यालाच घ्यायचो. ज्याची सोंगटी गेली नाही तरी समोरच्यासाठी उघडी राहायची नाही, असा एक शांत गडी होता.

भारतात या हिरव्या टेबलाची परंपरा मोठी आहे, आणि तिची बरीच पाळंमुळं महाराष्ट्रात आहेत. स्नूकर हा खेळच जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये १८७५ मध्ये जन्मला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद मिळवलं. वैयक्तिक खेळात भारताला मिळालेलं ते पहिलं जगज्जेतेपद. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवलं, आणि राष्ट्रीय बिलियर्ड्स बारा वेळा जिंकलं. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७८ मध्ये एका पाळीत ११४९ गुण केले, तोवर जगात कुठल्याच हौशी खेळाडूनं हजाराची वेस ओलांडली नव्हती. पण त्यांची ओळख त्या एका पाळीपुरती नाही. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन जगज्जेतेपदं त्यांच्या नावावर आहेत.

नंतरच्या काळातली दोन नावं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. मुंबईचा आदित्य मेहता. २०१३ मध्ये दिल्लीला झालेल्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत गेला. मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. तिथे डिंग जुनहुईनं त्याला एकही फ्रेम घेऊ दिली नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीत त्यानं व्यावसायिक स्पर्धेत १४७ ची पाळी केली, तेही भारतीयांत पहिल्यांदाच. ते दिवस मला चांगले आठवतात, वाटत होतं की आता हा तिथे ठाण मांडणार. तसं झालं नाही. पण २०२० मध्ये पुण्यात राष्ट्रीय स्नूकर जिंकताना त्यानं अंतिम सामन्यात ज्याला हरवलं, तो होता पंकज अडवाणी.

अडवाणी जन्मला पुण्यात, वाढला बेंगळुरूत. अठराव्या वर्षी, २००३ मध्ये, चीनमध्ये स्नूकरचं जगज्जेतेपद. २०२४ च्या नोव्हेंबरात दोह्याला अठ्ठाविसावं. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्याहून विशेष म्हणजे ही विजेतेपदं एका खेळाची नाहीत. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू, हात मऊ लागतो, लय संथ. स्नूकरमध्ये बावीस चेंडू, फटका वेगळा, विचार वेगळा. एका आठवड्यात एक खेळून पुढच्या आठवड्यात दुसरा खेळायचा म्हणजे मनगटाला दर वेळी नव्यानं शिकवायचं. बिलियर्ड्समध्येही वेळेचा प्रकार आणि गुणांचा प्रकार वेगळा. एकाच वर्षी हे दोन्ही जिंकण्याची कामगिरी त्यानं २००५, २००८ आणि २०१४ अशी तीनदा केली.

भाच्यानं इथे बरोबर बोट ठेवलं. "पण मामा, तो व्यावसायिक सर्किट सोडून परत आला ना?" आला. दोन हंगाम खेळला, वेल्श ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि २०१४ मध्ये त्यानं ते सोडलं. शेफिल्डसारख्या ठिकाणी, जिथे दर आठवड्याला जगातला पहिल्या सोळांतला कुणीतरी समोर उभा असतो, तिथे त्याचा तळ किती उंच राहिला असता, हे आपल्याला पाहायला मिळालं नाही. या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ती झटकूनही टाकत नाही. तरीही एकवीस वर्षं वाईट दिवस सांभाळणाऱ्या माणसाबद्दल माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

याच भागात वाढलेल्या एका माणसाचं असंच होतं. सी. डी. देशमुखांचं नाव रोह्यात निघालं की पहिली आठवण १९१२ च्या मॅट्रिकची. सगळ्या मुंबई इलाख्यात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. लहान असताना शाळेत आम्हाला तेच सांगत. पण १९४३ पासून सहा वर्षं, आधी युद्ध आणि मग फाळणी, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या खुर्चीत बसून त्यांनी रोज जे निर्णय घेतले असतील, ते कुणी मुलांना सांगत नाही. सांगायला त्यात गोष्ट नाही. एका निकालाच्या दिवसाची गोष्ट होते. रिझर्व्ह बँकेतल्या दोन हजार दिवसांची होत नाही.

काल वाद ऐन रंगात असताना बहिणीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, नळ आला!" भाच्यानं मोबाइल उलटा ठेवला आणि धावला. पाठोपाठ मीही. हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, मोरीतलं पिंप. अर्धा तास आम्ही तिघं काही न बोलता भरत होतो. खारेपाटातल्या गावांची ही जुनी कथा. पेणला पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जुलैत भोगावती फुगते, खारबांध फुटण्याची धास्ती असते, अंगणात पाणी येतं. आणि एप्रिल-मे आला की याच गावांत बाया टँकरची वाट बघत बसतात, कारण जमिनीतलं पाणी खारं. तालुक्यातच हेटवणेचं धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत पोहोचलं आहे. मी बहिणीच्या दारात पिंपाला झाकण घालताना विचार करत होतो. जुलैतल्या एका रात्रीत किती इंच पडला, याचे आकडे पेपरात येतात. मे महिन्यातल्या एका मंगळवारी किती हंडे भरले, याचे नाहीत. आणि माणूस जगतो तो त्या मंगळवारच्या हंड्यावर.

आमच्या कुंडलिकेच्या रोजच्या पाण्याबद्दल बोलताना मला मुळशीकडे पाठ फिरवता येत नाही. ते धरण बांधताना मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. आमचं सातत्य कुणाच्या तरी बुडालेल्या भातखाचरांवर उभं आहे. आणि भिऱ्याची चाकंही सगळ्यात जोरात फिरतात ती मुंबईची विजेची मागणी वाढते तेव्हा. वरची गरज शिखराला जाते, म्हणून खाली आमच्या नदीला रोज पाणी येतं. तेव्हा ही दोन टोकं मी काल म्हणत होतो तितकी वेगळी नसावीत.

रात्री परतीच्या एसटीत, वडखळ-नागोठणे मागे पडत असताना, मला ओ'सुलिव्हनचीच दुसरी एक हकिकत आठवली, आणि ती भाच्याला सांगायची राहून गेली. २००६ च्या डिसेंबरात स्टीफन हेंड्रीशी खेळताना तो चार-एक असा मागे होता. सतरापैकी पाचच फ्रेमा झाल्या होत्या. त्यानं मध्येच हात पुढे केला, सामना सोडला आणि निघून गेला. पाच मिनिटं आठ सेकंदवाला तोच हात, तोच माणूस. त्याचा वाईट दिवस तेव्हा असा तळाशी जायचा. २०११ पासून तो स्टीव्ह पीटर्स या मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊ लागला. शिकायला गेला तो फटका नव्हे, खुर्चीत बसून राहणं. २०१२ मध्ये जिंकला, २०१३ मध्ये जिंकला, मग २०२०, आणि २०२२ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी सातवं जगज्जेतेपद. यूके चॅम्पियनशिप त्यानं सर्वप्रथम १९९३ मध्ये जिंकली तेव्हा त्याला अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. २०२३ मध्ये पुन्हा जिंकली, तीस वर्षांनी. १९९७ मध्ये त्याच्याकडे जे होतं त्याहून मोठं शिखर पुढे त्याला कधी लागलं नाही. वर आला तो त्याचा तळ.

म्हणजे भाच्याचा देव बरोबर होता. ज्या मिनिटांसाठी तो त्याला देव मानतो त्यांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे, इतकंच. आणि ती पाच मिनिटंही मला आता काढून टाकाविशी वाटत नाहीत. ती नसती तर हा मुलगा दिवसभराच्या नोकरीनंतर भाड्याच्या टेबलाशी उभा राहिला असता का? अण्णांची रेघ बघून कारखान्यात कुणी शिकायला आल्याचं मला आठवत नाही. पोरं यायची ती दर्शनी फळीवरची मूर्ती बघून. शिकवायचे मात्र अण्णा.

हे सगळं त्याला लिहायला म्हणून मी वाटेत एका दगडावर बसलो. साजेच्या बाजूला जाणारे टेंपो रस्त्यावरून गेले, टपावर राफ्ट बांधलेल्या. बायकांनी धुणं उचललं. मी दोनच ओळी लिहिल्या असतील, तेवढ्यात त्याचाच फोन आला. पाठीमागे हंड्यांचा आवाज, बहीण कुणाला तरी मोठ्यानं हाका मारत होती.

"मामा, नंतर बोलतो. पाणी आलंय, सकाळी पण आलंय!"

मी फोन कानाला धरून तसाच बसून राहिलो. समोरचा शेवटचा दगड बुडाला होता.